तात्यांच्या बंडीतली बॅटरी

अंतरपाट अजून धरलेला होता आणि माझा कॅमेरा बंद पडला.

हिमाचलातलं खेडं. डोक्यावर लख्ख ऊन आणि अंगणाच्या कडेला गुडघाभर बर्फ. नवरी केतकी विरारजवळच्या आगाशीची, नवरा इथलाच, हिमाचलचा. दोघं एकाच ऑफिसात भेटलेले. मी फोटोग्राफर, विरार पूर्वेला चंदनसारला माझा छोटा स्टुडिओ आहे.

"काय झालं, मॅडम?" केतकीचे वडील, तात्या, कानटोपीतून खेकसले.

"बॅटरी गेली."

"सकाळी तर फुल होती म्हणालात."

"होती, तात्या."

"मग खाल्ली कोणी?"

मी आगाशीहून आलेल्या गुरुजींना खूण केली, अजून एक मंगलाष्टक घ्या. त्यांचे दात वाजत होते, तरी बिचाऱ्यांनी घेतलं. मोबाईल तर सगळ्यांचे आधीच झोपले होते.

आमच्या वसई-विरारला कॅमेऱ्याचा वैरी म्हणजे दमट हवा. लेन्सला बुरशी धरते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग केलं की रात्री खारं पुसत बसायचं. थंडीशी आमचा संबंध एसी हॉलपुरता. म्हणून सासूबाईंनी निघताना मोठ्या मायेने कॅमेऱ्याला लोकरीचं झबलं विणून दिलं होतं. त्यात तो फार गोड दिसायचा. उपयोग शून्य. स्वेटर अंगातली ऊब धरून ठेवतो, कॅमेऱ्याच्या अंगात ऊब असते कुठे? बॅटरी गारठली की तिच्या आतलं काम मंदावतं आणि भरलेली असूनही ती रिकामी असल्याचं नाटक करते. मेलेली नसते. अंगाशी धरली की परत चालते.

जादा दोन बॅटऱ्या माझ्या जाकिटात होत्या, पण मीच हुडहुडत होते, त्यांना काय ऊब देणार? मी मंडपभर नजर फिरवली. सगळ्यात जास्त कपडे तात्यांच्या अंगात होते. बनियन, त्यावर बंडी, शर्ट, दोन स्वेटर आणि जावयाने दिलेला कोट. बंडी म्हणजे केळीच्या वाडीवर जाताना घालायची ती, आतून चोरखिसा असलेली.

"तात्या, या दोन बॅटऱ्या चोरखिशात ठेवा आणि माझ्या शेजारी उभे राहा."

"मी? अहो, माझ्या मुलीचं लग्न आहे."

"म्हणूनच."

त्यांनी हात पुढे केला. केतकीची आई आता नाही. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून काका-काकू बसणार होते. तात्या सकाळपासून सगळ्यांवर खेकसत का फिरत होते, ते मला तेव्हा कळलं. त्यांना करायला काही कामच नव्हतं.

मग मात्र आमचं झकास जमलं. कॅमेरा मान टाकायला लागला की मी हात मागे करायचे. तात्या गरम बॅटरी ठेवायचे, गार झालेली परत चोरखिशात. "गरम आहे, घे," असं म्हणायचे, भजी वाढल्यासारखं. मॅडमची मी कधी 'पोरी' झाले, कळलंही नाही. कन्यादान, सप्तपदी, सगळं निघालं.

जेवणं आत, पेटत्या शेगडीभोवती होती. आत जाण्याआधी मी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद केला. गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत उघडा नेला, तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा त्याला घाम फुटतो. पिशवीत असला की ओल पिशवीवर बसते. तो हळूहळू कोमट झाला की मगच उघडायचा.

पहिला घास घेते तोच केतकी आली. "ताई, बाबांचे कसे आलेत?"

माझा घास तोंडातच राहिला. तात्या अख्खं लग्न माझ्या शेजारी होते, कॅमेऱ्याच्या मागे. एकाही फोटोत नव्हते.

"आई नाही, ते समजू शकते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबा तर इथेच होते ना."

"असू दे गं. मोबाईलवर काढू एखादा," तात्या म्हणाले.

"मला अल्बममध्ये पाहिजेत."

पाठवणीची गाडी दारात आली होती. ऊन डोंगराआड चाललं होतं. कॅमेरा इथे उघडला तर लेन्सवर धुकं, आणि तो कोमट होईपर्यंत नवरी सासरी पोचली असती. मग म्हटलं, कॅमेरा उबेत उघडायचा नाही ना, मग थंडीत उघडू.

"चला दोघं बाहेर. पिशवीला कोणी हात लावू नका."

बाहेर येऊन मी पिशवी उघडली. लेन्स स्वच्छ. "तात्या, दोन्ही बॅटऱ्या द्या." कॅमेऱ्यातली गार काढून माझ्या खिशात टाकली, एक गरम आत घातली, एक मुठीत धरली. "आता जा तिकडे, लेकीजवळ."

बर्फात ते खांबासारखे उभे राहिले. केतकीने त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी काढत सुटले.

तो फोटो आता आगाशीच्या घरी ओटीवर लावलाय. तात्यांचा एक हात लेकीच्या खांद्यावर आणि दुसरा कोटाच्या आत, छातीशी. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "तात्या, किती भरून आलं होतं तुम्हाला."

"भरून कसलं येतंय," तात्या म्हणतात. "आत बॅटरी होती, ती धरली होती."

मी समोर बसून चहा पिते. त्या वेळी तिन्ही बॅटऱ्या माझ्याकडे होत्या.

परत आल्यावर आगाशीच्याच शिंप्याकडून मी स्वतःसाठी एक बंडी शिवून घेतली. थंडीत बॅटऱ्या आपल्याच अंगाशी ठेवाव्यात. नवरीच्या बापाला फोटोत काम असतं.