सोमवारची गोळी

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मी कोराडीच्या बसची वाट पाहता पाहता फिट येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल. मिरगीवाल्याला चप्पल हुंगवायची, हा शोध ज्यानं लावला त्याला मला एकदा भेटायचंच आहे! मग रिक्षा, कॅज्युअल्टी, दंडाला रबरी नळी आणि रक्त. "दरवेळी काढूनच राहिले, पोरीच्या अंगात काही ठेवता का नाही?" आई ओरडली. या खेपेला नमुना मुंबईला जाणार होता, माझ्या रक्तात औषध किती आहे ते पाहायला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. औषध जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर खेकसले, "गोळ्या फेकून देतेस ना?"

मी फेकणार? टायपिंगच्या परीक्षा देऊन मिळवलेली कोराडीच्या वीजकेंद्रातली नोकरी, घरात पगार आणणारी पहिली बाई मी, आणि मी गोळ्या फेकणार? पण बाबा तिथंच म्हणाले, "बस झालं. राजीनामा लिही." मला रडू नाही आलं, डोकं फिरलं.

रक्त काढणारी सिस्टर माझे जुने कागद चाळत होती. "काय वं पोरी, तू मंगळवारीच काहून पडतं? तिन्ही कागद मंगळवारचे आहेत."

मी कागद हिसकावले. खरंच की! मंगळवारच्या आदल्या दिवशी माझा दिवस-रात्रीचा कडक उपास. मिरगी जावी म्हणूनच आईनं मला सोमवार धरायला लावले होते. आणि गोळ्यांच्या पुडीवर लिहिलेलं, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. जेवणच नाही तर गोळी कशी घ्यायची? आम्ही मायलेकी इतक्या शहाण्या की सोमवारी पुडीला हातसुद्धा लावत नव्हतो.

"उपास बंद," मी सगळ्यांसमोर सांगितलं. "आन् राजीनामा मी लिहीत नाही."

"देवाले राग येईन," बाबा म्हणाले.

"येऊ द्या. मले कोराडीले जायचं आहे."

आई पूर्ण रस्ता माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

पुढच्या सोमवारी मी कालची शिळी पोळी तिखट-तेलाशी खाल्ली, आईच्या डोळ्यांदेखत गोळी घेतली आणि निघाले. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळपर्यंत स्टोव्ह पेटत नसे. बस नेहमीसारखी लेट होती. तेवढ्यात आई पदर खोचून धावत येताना दिसली. मला वाटलं, आता ओढत घरी नेते.

तिनं माझ्या हातात डबा कोंबला. "दुपारी खाजो. तुये सोमवार आता मी करतो." डबा चटका बसेल इतका गरम होता.

मंगळवारी सकाळी मी त्याच स्टॉपवर गेले. बस अर्धा तास आली नाही. मी उभीच होते.