अकरा इंजिनं आणि सुतळीच्या दोन गाठी

म्हणे वहिनी, भंगार म्हणजे वजन. तोडा, काट्यावर टाका, ट्रक भरा, मोकळे व्हा. असं सांगून माझ्या दिराने मी गावं फिरायला निघायच्या आदल्या दिवशी घणवाल्याला एका जुन्या डिझेल इंजिनावर माझ्यासमोर घण घालायला लावला. शेतात विजेची मोटर आली की ही पाण्याची इंजिनं बांधावर पडून राहतात, आम्ही ती किलोने घेतो. चिखलीत आमच्या भंगाराच्या दुकानामागे अजून अकरा उभी आहेत. सोमवारी घणवाला परत येणार. मी म्हटलं, आधी बघू तरी द्या, कोणाला लागतात का. भाऊजी हसले. मी पिशवी उचलली आणि निघाले.

आधी अमडापूर. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून रिकाम्या हाताने परतलं तरी जीव जळत नाही. उन्हाळ्यात दहाच्या आत निघा, नंतर खिडकीची दांडी चटके देते. अमडापुरात रहीम मिस्त्री जुनी इंजिनं दुरुस्त करतो. चहा येईपर्यंतही मला बसवेना, ही इंजिनं कोणाला लागतात का, ते उभ्यानेच विचारलं. तो म्हणाला, यांचे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत, लोक लांबून शोधत येतात. घणाचं सांगितलं तर हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, मारायच्या आधी मले इचारलं काऊन नाही?"

मग त्यानेच शिकवलं: इंजिनाचं मोठं चाक दिसलं म्हणून भुलू नका, मधल्या भोकाचंही माप जुळलं पाहिजे. हिवरा आश्रमला एका रसवंतीच्या अशाच इंजिनाचं चाक मोडलंय, तेही त्यानेच सांगितलं.

संध्याकाळी घरी, सकाळी मेहकरची गाडी. गिऱ्हाईक शोधत पार दुसरबीडपर्यंत जायचं ठरवलं होतं. हिवऱ्याला उतरले तर रसवंती बंद. मालकीण मंगला ऊस ओल्या पोत्याखाली झाकून बसलेली. चाकाला तडा जाऊन आठ दिवस झाले.

"ताई, उन्हाळा काय माह्यासाठी थांबून राह्यला का?"

टेपवरच्या बारीक रेघा मला धड वाचता येत नाहीत. सुतळी घेतली, दोन गाठी मारल्या, एक चाकाच्या मापाची, एक भोकाच्या. मंगलाने झुणका-भाकर खाऊ घातली, पैसे घेतले नाहीत. दुसरबीड राहिलं. पुढे जाववेना, तिथूनच माघारी फिरले.

दुकानामागे भर उन्हात सुतळी लावत सुटले. पहिलं जुळलं ते ढिगातलं, आम्हीच फोडलेलं, दोन तुकडे जोडून पाहिलं तेव्हा. ते तुकडे ढिगात परत ठेवले. उभ्या इंजिनांकडे वळले. नवव्या इंजिनाचं जुळलं.

भाऊजी म्हणाले, "एका चाकापायी अकरा धुडं किती दिवस पोसाची, वहिनी? ट्रकवाला थांबत नाही."

खोटं नाही ते. जागा अडते, गंज चढतो, बाकीच्यांना गिऱ्हाईक कोण हे मलाही अजून माहीत नाही. पण या धंद्यात पडू पाहणाऱ्यांनो, घण उचलायच्या आधी एसटीने चार गावं फिरून या. एवढं स्वस्त शिक्षण दुसरं नाही.

भाऊजी, तुम्ही हे मोबाइलवर वाचता, मला ठाऊक आहे. मंगलाचं चाक मी उद्या नेऊन देते, ते विचारत नाही. उरलेल्या दहांचं विचारते. रविवारी रहीम मिस्त्री ती बघायला येतोय. घणवाल्याला नको म्हणणार की नाही, ते मिस्त्रीसमोर, संध्याकाळी काटा बंद व्हायच्या आत सांगा. आणि हसलात तर ते उत्तर धरणार नाही.