सूर्योदयाच्या वेळेचे पोहे

मी कन्याकुमारीला पाच-सहा वेळा जाऊन आलेली बाई आहे. पण तिथला सूर्योदय मी कधी पाहिलेला नव्हता. नागपूरला, बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना हे सांगितलं की त्या हसतात. एक तर तोंडावर म्हणाली, "काकू, कायले फेकता?" मी फेकत नाही. सूर्योदय पाहायला लोक अंधारात निघतात आणि परत आले की त्यांना गरम पोहे पाहिजेत. मग ते पोहे सूर्य उगवत असतानाच कोणाला तरी करावे लागतात. ते करणारी मी होते.

आम्ही दोघं नवरा-बायको एका टूर कंपनीत कामाला होतो. ते टूर मॅनेजर, मी स्वयंपाकाची प्रमुख. आपल्या लोकांना काश्मीर पाहायचं असतं, केरळ पाहायचं असतं, पण जेवायला वरण-भात, पोळी आणि कांद्याची भजीच लागतात. म्हणून कंपनी आपला आचारी, आपली पातेली, आपलं तिखट-मसाला सगळं नागपूरहून सोबत नेते. हॉटेलच्या मागच्या अंगणात, नाही तर पार्किंगमध्ये गॅसच्या शेगड्या मांडायच्या आणि चाळीस लोकांचा स्वयंपाक करायचा. प्रमुख हे नावालाच. हाताखाली दोन माणसं असायची, त्यातलं एक तंबाखू मळण्यात गुंतलेलं.

माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. आजोबांच्या हातात माग होता, वडिलांच्या वेळेला तो गेला आणि आईनं सावजी मसाले कुटून घर चालवलं. मसाल्याचा हात मला तिच्याकडून आला. हे तेव्हा सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात वाढप्यांवर देखरेख करायचे. टूरवाल्या मालकानं तिथंच यांना हेरलं आणि एकदा आमच्या घरी जेवून मलाही हेरलं. म्हणाला, मला जोडीच पाहिजे. आम्हाला वाटलं, काय नशीब, पगारही मिळेल आणि दोघांना भारतही पाहायला मिळेल. मी तर दोन नव्या साड्या घेतल्या होत्या, फोटोत चांगल्या दिसाव्या म्हणून.

जोडी काहून पाहिजे होती, ते नंतर कळलं. जोडीला एकच खोली लागते. जोडीतल्या एकाला नोकरी सोडता येत नाही, कारण मग दुसऱ्याचीही जाते. मी दोन-तीनदा तोंड उघडलं की आता बस झालं, तर मालक हसून म्हणायचा, "वहिनी, तुम्ही गेल्या तर मॅनेजरचं मी काय करू?" झालं. हे घरी येऊन गप्प बसायचे आणि मी पुढच्या टूरची हळद-धणे भरायला घ्यायची. पोरगी माझ्या आईजवळ उमरेडला वाढली. शाळेच्या गॅदरिंगला ती काय झाली होती हे मी आग्र्यात पोळ्या लाटताना फोनवर ऐकायची.

आणि आमची ती एकच खोली. तिथं आधी कांद्याची पोती, तेलाचे डबे, तांदूळ जायचे. उरलेल्या जागेत आम्ही. देशभरातल्या हॉटेलांची मागची बाजू मला पाठ आहे. कुठं नळाला पाणी बारीक येतं, कुठं मोरी तुंबते, कुठली माकडं केळी नेतात. आग्र्यात ताजमहाल आमच्या हॉटेलपासून दहा मिनिटांवर होता म्हणतात. असेल बा. माझ्या वाट्याला आली तिथली तुंबलेली मोरी.

हे मात्र रोज पाहायचे. निदान मला तसंच वाटायचं. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की हे कांद्याच्या पोत्यावर बसून ताट हातात घ्यायचे आणि सांगायचे, आज बर्फ असा चमकत होता, आज देवळाचा कळस असा दिसला, सूर्य पाण्यातून कुंकवाच्या करंड्यासारखा वर आला. माणूस सांगायचा छान. मी ऐकत भांडी घासणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायची. ऐकताना बरंही वाटायचं आणि आतून जळायचीही. मी म्हणायची, "तुमचं बरं आहे जी. फिराले तुम्ही, फोडणीले मी." हे म्हणायचे, "पुढच्या टूरले नेतो ना तुले." पुढच्या टूरला कोणाची तरी कवळी हॉटेलात राहायची, कोणाची सासू हरवायची, आणि माझं जाणं राहायचं.

मला लई काही नको होतं. एक जागा, कुठलीही, जिथं आम्ही दोघं शेजारी उभे राहून एक गोष्ट पाहू. कोणाला वाढायचं नाही, कोणाला गोळा करायचं नाही. एवढी वर्षं सोबत हिंडलो, पण सोबत असं काहीच पाहिलं नाही, याचा मला भारी राग होता. आहे. माझे गुडघे गेले, यांची साखर वाढली, आम्ही काम सोडलं, बेसाला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तरी तो राग तिथंच बसून होता.

पोरगी आता पुण्याला असते. गेल्या वर्षी ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं एकदा प्रवासी म्हणून जा. मी बुकिंग करते. कुठं जायचं सांग." मी एका दमात सांगितलं, कन्याकुमारी. हे म्हणाले, "अवं, पाहिलेलंच तं आहे." मी म्हटलं, "तुम्ही पाहिलं."

दुसरी एक छोटी कंपनी होती, तशीच, आपला आचारी नेणारी. पहिल्या दिवसापासून यांचं सुरू झालं. बसमध्ये चढले की उभे राहून डोकी मोजायचे. मी शर्ट ओढून खाली बसवायची. जेवणाच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढं घ्यायचे. मॅनेजर पोरगेलासा होता, त्याला आयताच मदतनीस मिळाला. मी म्हटलं, "तुमाले पगार देऊन राहिला का तो?" हे हसले. पण दोन दिवस मजेत गेले, खोटं काहून बोलू. मदुराईला मी दुसऱ्यानं केलेला उपमा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रारसुद्धा केली. तक्रार करायला किती बरं वाटतं हे मला तेव्हा कळलं.

कन्याकुमारीला पोहोचलो त्या संध्याकाळी आचारी तापानं फणफणला. जेवणं कशीबशी झाली. मॅनेजर उभा राहून म्हणाला, उद्या सूर्योदय पाहून आलो की हॉटेलचीच इडली घेऊ. लगेच कुरकूर सुरू. आम्हाला पोहे सांगितले होते. आमच्या यांना आंबलेलं चालत नाही. एक काका तर म्हणाले, इडलीच खायची तर तुमच्यासोबत कायले आलो? आणि माझ्या शेजारून हे उठले. मला कळलं काय होणार. मी शर्ट धरला, पण तोपर्यंत बोलून झालं होतं. "तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. आमच्या मिसेसनं हजारो लोकांले पोहे खाऊ घातले आहेत. उद्या तर्रीपोहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका माझ्याकडे वळून म्हणाल्या, काय भाग्य हो आमचं. टाळ्या वाजत असताना माणसानं नाही कसं म्हणायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी हसले. त्या चाळीस माणसांना ते हसूच दिसलं.

खोलीत आल्यावर मी चप्पल भिंतीकडे फेकली. "तुम्ही काहून बोलले? मले विचारलं होतं?"

"अवं, लोक उपाशी राहिले असते."

"इडली मिळून राहिली होती त्यायले. उपाशी काहून राहतील?"

"सवयीनं निघून गेलं वं तोंडातून."

"तुमची सवय अन् माझा हात."

हे पलंगावर बसले. मग म्हणाले, कांदे-मिरच्या आत्ताच चिरून ठेवू, चण्याची तर्री आताच करून टाकू, सकाळी दोघंही जाऊ, आल्यावर फक्त पोहे परतायचे. तुझी शपथ, तुझ्याशिवाय जात नाही. हिशोबाला बरोबर होतं. मी खाली गेले. अनोळखी किचन, अनोळखी शेगडी, पण हाताला काय, तो चालायला लागला. हे शेजारी बसून कांदे सोलत होते. असं आमचं लग्नानंतरचं पहिलं एकत्र काम म्हणायचं, एरवी हे पुढं आणि मी मागं. थोडा राग उतरलाही.

सकाळी सगळे खाली जमले आणि एका आजींना चहाशिवाय चक्कर येते असं निघालं. मग दुसऱ्यांनाही चहा पाहिजे. मॅनेजर हात जोडून माझ्यासमोर. मी पातेलं चढवलं. बाहेर उजाडायला लागलं तसे लोक उतावीळ झाले. मॅनेजर आचाऱ्यासाठी तापाची गोळी आणायला गेलेला, रस्ता कोणाला माहीत? यांना माहीत. हे दारात येऊन म्हणाले, "यायले सोडून दोन मिनिटांत येतो तुले घ्याले." त्या दोन मिनिटांना मी वीसेक वर्षं ओळखत होते.

मी एकटी उरले. समोर चिरलेले कांदे, हळद लावून भिजवलेले पोहे, खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडे हॉटेलची पाण्याची टाकी. आभाळाचा तुकडा तांबडा व्हायला लागला होता. वाटलं, पोरीनं बुकिंग केलं काय, गुडघे गेले काय, मी इथंच सापडणार. मेल्यावरही कोणी तरी म्हणेल, जरा थांबा, तेवढे पोहे करून जा. सवयीनं चढवलेलं तेल तापलं होतं, मोहरी हातात होती. मी मोहरी परत डब्यात टाकली आणि गॅस बंद केला.

हाताला हळद, पदर खोचलेला, तशीच निघाले. गुडघे ओरडत होते. रस्त्यानं विचारत विचारत किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा सूर्य पाण्याच्या वर निघालेला होता. आमची सगळी मंडळी कठड्याला लागून उभी, मोबाईल वर केलेले. आणि हे त्यांच्या समोर. तोंड लोकांकडे, पाठ समुद्राकडे. एका काकूंना ओल्या दगडावरून मागं घेत होते, एकाचा मोबाईल घेऊन त्याचा बायकोसोबत फोटो काढत होते, मध्येच बोटानं डोकी मोजत होते. मी बराच वेळ उभी राहून पाहिलं. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मी जवळ गेले. मला पाहून हे दचकले. "पोहे झाले?"

मी हळदीच्या हातानं त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना समुद्राकडे फिरवलं. मागून कोणी तरी हाक मारली, "मॅनेजरसाहेब, आमचा एक फोटो." मी म्हटलं, "ते मॅनेजर नाहीत." आणि खांदे सोडले नाहीत.

हे पाहत राहिले. पाणी चकाकत होतं, डोळे बारीक करून पाहावं लागत होतं. कुंकवाचा करंडा वगैरे काही नव्हतं. पिवळा, डोळ्यांवर येणारा उजेड होता. माझ्या हाताखाली त्यांचे खांदे हळूहळू सैल झाले.

मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे असं असते होय वं?"