आमच्या ट्रेकच्या वाटेवर वणवा

मंडळी, आत्ताच डोंगरातून परतलेय, लगेच लिहिते.

पुढच्या शनिवारी आम्ही आठ जण पाठीवर सामान घेऊन सातपुड्यात दोन मुक्काम करणार होतो. वणव्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून आज सकाळी मी आणि माझा भाऊ नितीन पिंप्राळ्याहून बाईकवर ट्रेकची वाट तपासायला गेलो. पायथ्याच्या गावातले नाना आमचे वाटाडे, ते तिथून पुढे पायी सोबत होते.

धूर पलीकडच्या डोंगरावर होता. मीच म्हणाले, "नाना, लांब आहे. झऱ्याला पाणी आहे का, तेवढं बघून येऊ."

अर्ध्या चढावर वारा फिरला. ठिणग्या उडून आल्या, खालचं वाळलेलं गवत तडतडत पेटलं आणि आग खालून आमच्याकडे चढू लागली. नितीन वर पळत सुटला. नानांनी त्याची सॅक धरून त्याला मागे ओढलं.

"वर पयू नको! आग तुनापेक्षा बेगीन चढस. जयेल जागाम्हा चाल, तठे आते जयाले काही नही शे!"

शेजारीच काल जळून काळा पडलेला, पुन्हा पेटायला काही न उरलेला पट्टा होता. त्यात आम्ही तोंडाला ओले रुमाल बांधून उभे राहिलो. बुटांतून चटके बसत होते. आग आमच्या बाजूने वर निघून गेली. नितीनने माझा हात सोडला नाही.

गावात पोचल्यावर मी ग्रुपवर कळवलं, ट्रेक रद्द. लगेच एकाचं उत्तर आलं, "धुराला घाबरलीस? आम्ही जातोच."

ग्रुपवाल्यांनो, आपण जिथे तंबू लावणार होतो, तोच उतार आज जळला. तिथे आपण झोपेत असतो तर? सांगा, अजून कोणाला जायचंय?