फोमची तलवार आणि खंडेनवमीचा नियम

काल खंडेनवमीला सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक वाद झाला आणि मी तो हरलो. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला हे लिहिणे थोडे जड जाते, पण प्रतिपक्षाचा मुद्दाच असा होता की तो नोंदवल्याशिवाय राहवेना...

सकाळी पूजेची मांडणी चालली होती. पाटावर सुनेची, म्हणजे ऋचाची, भाजीची सुरी, मुलाचा, म्हणजे मंदारचा, लॅपटॉप आणि माझे शाईचे पेन. तेवढ्यात नात इरा खोलीतून आली आणि जवळजवळ तिच्याच उंचीची निळी-चंदेरी तलवार तिने पाटावर आडवी ठेवली.

तलवार फोमची. ती खेळत असलेल्या गेममधल्या एका वीरांगनेची. शाळा सांभाळून, सुट्टीचे कित्येक दिवस खपून इराने ती स्वतः कापली, चिकटवली आणि रंगवली होती.

मी हरकत घेतली. ज्याने काम होते ते शस्त्र. या तलवारीने लोणीही कापले जाणार नाही, तेव्हा ती शस्त्र नव्हे, खेळणे. व्याख्या निर्दोष आहे, असे मला वाटले होते.

"मग बाबांचा लॅपटॉप?" इराने विचारले. "तो कधीचाच डेड आहे. चालणारा आत चार्जिंगला लावलाय! आणि आजोबा, त्या पेनने तुम्ही शेवटचं कधी लिहिलंत? तुम्ही तर दिवसभर टॅबलेटवर लोकांशी भांडता."

मंदार अचानक निरांजनाची वात फार काळजीपूर्वक सारखी करू लागला.

इरा तेवढ्यावर थांबली नाही. "तुम्ही तलवारींच्या गोष्टी सांगता ना... एक देवीने राजाला दिली, एक दगडात अडकली होती, एक तळ्यातून वर आली. त्यांनी काय कापलं ते कुणाला आठवतं? त्या कुणाला मिळाल्या, एवढंच आठवतं ना?"

या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. खरोखरच, त्या कथांचा सारा भर तलवार कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळते यावर असतो. मी कुतूहलाने विचारले, "तुझ्या गेममध्ये ही विकत मिळते का?"

"नाही ला!" ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. "मिळवावी लागते. आणि प्रॉमिस मोडलं की ती इतकी जड होते, उचलताच येत नाही."

वेगळे समुद्र, वेगळी शतके, आणि कलम मात्र तेच... मी हरकत मागे घेतली. इराने तलवारीला हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले, आरती झाली.

आणि मग स्वयंपाकघरातून ऋचाचा आवाज आला, "इरा, तुझी कॉस्प्ले स्पर्धा आज दुपारीच आहे ना गं?"

गेममधल्या पात्रांचा वेष करून मंचावर जायची ही स्पर्धा जुरोंग ईस्टच्या एका मॉलमध्ये होती. तलवार तिच्यासाठीच केलेली. आणि आमच्या घरचा नियम असा, की पूजेला लावलेल्या शस्त्राला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच ते उचलायचे.

या नियमाची झळ आमच्यापैकी कोणाला लागलीच नव्हती. बंद लॅपटॉप, सुकलेले पेन, आणि ऋचाकडे दुसरी सुरी असतेच. कामाची वस्तू पूजेला लावणारी घरात इरा पहिलीच.

"बाबा, फोमच आहे हो ती," मंदार म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना मघाशी, शस्त्र नाही म्हणून!"

पळवाट कायदेशीर होती. मी इराला सांगितले, की माझा मूळ निर्णय मी पुन्हा लागू करतो. तलवार खेळणे ठरते, तेव्हा तिला नियम लागू नाही. तिने खुशाल उचलावी.

इराचे डोळे भरून आले होते.

"नको, आजोबा. उचलली तर ती परत नुसती फोम होईल."

मी दुसऱ्यांदा निर्णय मागे घेतला.

तिने पोशाख चढवला, पाठीला रिकामे म्यान बांधले आणि आम्ही दोघे एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. शमीच्या झाडावर शस्त्रे ठेवून, वेष पालटून राहिलेल्या वीरांची गोष्ट मी तिला दर दसऱ्याला सांगत आलो आहे. शस्त्र जवळ नसतानाही ते वीरच होते, हा त्या गोष्टीचा गाभा मला काल, त्या रिकाम्या म्यानाशेजारी बसल्यावर दिसला.

मंचावर एकेक वीर आपापली अवाढव्य तलवार परजून गेला. इराची पाळी आली तेव्हा परीक्षकांनी इंग्रजीत विचारले, तलवार कुठे आहे? तिने उत्तर दिले, "आज तिचा विश्रांतीचा दिवस आहे. आमच्या घरी आज तिला कोणी हात लावत नाही." प्रेक्षक हसले. इरा हसली नाही, आणि मग तेही हळूहळू थांबले.

बक्षीस मिळाले नाही. परतीच्या गाडीत तिने रिकामे म्यान सोडून मांडीवर घेतले. मग म्हणाली, "हरले ना मी, आजोबा."

"स्पर्धा," मी म्हणालो. "वाद नाही."

"तुम्ही ना... सो टेक्निकल!" ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

आज उत्तरपूजा झाल्यावर इराने तलवार दोन्ही हातांनी उचलली. फोमची वस्तू इतक्या जपून उचललेली मी पाहिली नव्हती.

काल माझ्या जुन्या पोस्टखाली ज्यांनी आक्षेप नोंदवले आणि उत्तर आले नाही म्हणून मी निरुत्तर झालो असे गृहीत धरले, त्यांच्या माहितीसाठी... जुरोंगला निघण्यापूर्वी मी माझा टॅबलेट त्या तलवारीशेजारी पाटावर ठेवला होता आणि त्याला हळद-कुंकू लावले होते. आता तो पुन्हा हातात आहे. पण का कोण जाणे, आज तो उगारावासा वाटत नाही.