साखळ्यांच्या टोपल्या बनवणारे दिनकरभाऊ

मंडळी, आत्ताच उम्म अल कुवैनहून दुबईत, मनखूलला घरी परत आलोय. हात दुखतोय, तरी टाइप करतोय.

तिथल्या छोट्या सार्वजनिक बागेत जागोजागी लोखंडी खांब दिसले. प्रत्येकावर टोपली आणि वर लोंबत्या साखळ्या. लोक लांबून प्लास्टिकच्या चकत्या त्यात फेकत होते. याला डिस्क गोल्फ म्हणतात म्हणे.

एका माणसाची चकती दरवेळी बरोबर टोपलीत पडत होती. मी हिंदीत चौकशी केली, तर उत्तर मराठीत आलं. हे दिनकरभाऊ, गुहागरचे, इथे वेल्डर आहेत.

“ह्या टोपल्या मीच केल्या,” ते म्हणाले. “ड्रॉइंग आलं, पण कशासाठी ते कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, कोंबड्यांना दाणे घालायचे असतील. मग शुक्रवारी मुद्दाम बघायला आलो.”

“आणि खेळायलाच लागलात?”

“दुबई मरीनातल्या टॉवरांची एवढी रेलिंग केली, पण बिल्डिंग पुरी झाली की आत कोण सोडतो? इथे कुणी अडवत नाही.”

मनगट कसं वळवायचं ते त्यांनी मला शिकवलं. माझी पहिली चकती झाडात अडकली. नवव्या खेपेला साखळ्या वाजल्या, तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त खूश झाले.

मी ऑफिसात अशीच ड्रॉइंग काढतो. ती पुढे कोणाच्या हातात जातात, हे कधी विचारलंच नव्हतं. उद्याच्या ड्रॉइंगवर वस्तू कशासाठी आहे ते हिंदीत एका ओळीत लिहिणार आहे.

तुमच्या कामाचं पुढे काय होतं, ते तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का?