सदुसष्ट किलो दोनशे

माझे थोरले काका बॉक्सिंग क्लबात वजनं घ्यायचे. सामन्याच्या सकाळी खेळाडूला काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्याने वाचायचा आणि ‘आत’ किंवा ‘बाहेर’ म्हणायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. तोळाभराची सूट देत नाहीत म्हणून सगळे त्यांना तोळामास्तर म्हणत. मी एकदा एका मित्राची ओळख करून दिली, तर तो गेल्यावर काका एवढंच म्हणाले, “बहात्तर. बुटांसकट.”

क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हा सेक्रेटरींनी त्यांना एक काम दिलं. वेल्टरवेटमधल्या, म्हणजे सदुसष्ट किलोपर्यंतच्या गटातल्या, क्लबच्या आजवरच्या दहा सर्वश्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी लावायची. काका आठवडाभर त्याच नादात होते. जेवताना पहिल्याला तिसरा करायचे, हात धुऊन आले की तो पुन्हा पहिला.

“अहो, भाजी गार होतेय,” काकू म्हणायची. “त्यांना जरा खाली बसवा.”

शनिवारी यादी द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. त्याच सकाळी क्लबात नवा डिजिटल काटा आला होता. मंडळी आळीपाळीने चढून एकमेकांच्या पोटांवर बोलत होती. कोचने गंमत म्हणून कोपऱ्यातलं वीस किलोचं लोखंडी वजन त्यावर ठेवलं. आकडा आला, एकोणीस किलो नऊशे.

“अरे, हाही डाएटवर आहे,” कोच म्हणाला.

सगळे हसले. काका खाली बसले. वजन उचलून त्यांनी पुन्हा ठेवलं, मग पुन्हा.

“नव्या काट्याला सरकारी शिक्का आहे, मास्तर,” सेक्रेटरी म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. जुना काटा नीट चालतोय ना, हे काका प्रत्येक सामन्याआधी याच वजनाने बघायचे. त्यावर वीसचा आकडा ठसठशीत ओतलेला होता, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. वजन शंभर ग्रॅमने कमी, आणि ते पुरतं वीस दाखवेल असा काटा दरवेळी लावून घेतलेला. म्हणजे काट्याने प्रत्येकाला जास्तच दाखवलं. सदुसष्टच्या आसपास तीनशे ग्रॅमहून जास्त.

“पोरं उगाच उपाशी राहिली म्हणायची,” कोच म्हणाला. “जाऊ द्या, पोटं तरी कमी झाली.”

“डावरा,” काका म्हणाले.

मग मात्र कुणी हसलं नाही.

डावरा म्हणजे डावखुरा वेल्टरवेट. बावीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या सकाळी काट्याने त्याला साडेसदुसष्ट दाखवलं. नियमाप्रमाणे तासाची मुदत मिळाली. तो धावला, अंगातलं पाणी कमी करायला बादलीत थुंकत राहिला, डोक्यावरचे केसही उतरवले. तासाने भरला सदुसष्ट किलो दोनशे. काका म्हणाले, “बाहेर.” त्याला शिकवणारा त्याचा थोरला भाऊ शेजारीच होता. तासाभरात हा लपून काहीतरी खाऊन आला, असं म्हणत त्याने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. समोरचाही क्लबातलाच; तो न लढताच जिंकला, पुढे देशात पहिला आला, आणि काकांच्या यादीतही पहिला होता. डावरा पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही.

काकांनी यादीच्या पाठीवर हिशेब मांडला. तीनदा मांडला. सहासष्ट किलो आठशे साठ.

“आत होता गं तो,” ते मला म्हणाले.

“कशाला उकरून काढताय आता?” सेक्रेटरी म्हणाले. “यादी द्या.”

काकांनी ती घडी करून खिशात ठेवली.

डावऱ्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काथ्याचे ढीग, मागे राहायची खोली. तो तोंडात बारीक खिळे धरून एका खुर्चीला कापड ताणत होता. आम्हाला बघून त्याने खिळे तळहातावर काढले.

“या मास्तर. आता काट्यावर चढवू नका, काटा बसेल खाली.”

काका उभ्यानेच सगळं बोलले, एकेक आकडा सांगत. डावऱ्याची बायको पाणी घेऊन आली होती, ती तांब्या धरून तशीच थांबली.

“म्हणजे हे खरं सांगत होते?” ती म्हणाली.

डावऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं. “तुलाही वाटायचं?”

“मला वाटायचं, उपाशी माणूस, खाल्लं असेल एखादं केळं.” तिने तांब्या खाली ठेवला. “अठरा वर्षं चिडवतेय मी.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला. बराच वेळ कापडाची शिवण चाचपत राहिला.

“यादी बदलतो मी,” काका म्हणाले. “तुला पहिला घेतो.”

“न लढलेल्याला पहिला? हसतील लोक तुम्हाला.” मग म्हणाला, “दादाला सांगा. जेवायला बसलो की अजून माझ्या ताटाकडे बघतो तो.”

त्याने स्वतःच फोन लावून काकांच्या हातात दिला. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लोखंडी वजन, शंभर ग्रॅम, सहासष्ट आठशे साठ. पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज आला.

“त्याला द्या.”

काकांनी फोन पुढे केला. डावऱ्याने नाही म्हणून मान हलवली.

“सांगा, कामात आहे,” तो म्हणाला, आणि तळहातावरचे खिळे पुन्हा तोंडात धरले.